पंख्यातला, बोअरच्या पेटीतला आणि गाडीतला कंडेन्सर : काम एकच की वेगवेगळं?

जुनी_जीप

एकाच नावाची वस्तू तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही ठिकाणी ती काहीतरी वेगळंच करते असं दिसतं, म्हणून सगळं एकत्र विचारतो.

पहिलं, ४८ इंची छताचा पंखा. रेग्युलेटर ५ वर ठेवला तरी हळू फिरतो. डबीवर २.५ एमएफडी (मायक्रोफॅरड, कंडेन्सरच्या क्षमतेचं माप), ४४० व्होल्ट लिहिलंय, मीटर १.६ दाखवतो. दुकानदार म्हणतो ३.१५ टाका, जोरात फिरेल. टाकावा का?

दुसरं, बोअरची १ एचपी सिंगल फेज सबमर्सिबल. बटण दाबलं की नुसती गुणगुणते, उचलत नाही, मग ओव्हरलोड (जास्त प्रवाह झाला की मोटर बंद करणारा रिले) पडतो. पेटीत दोन कंडेन्सर आहेत, एक काळा गोल १००-१२० चा आणि दुसरा ३६ चा. नेमका कोणता गेलाय हे कसं ओळखायचं? दोन्ही काढून एकच मोठा टाकला तर?

तिसरं, पॉइंटवाली (ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह जोडणारी-तोडणारी टोकं असलेली) पेट्रोल जीप. पॉइंट महिन्या-दीड महिन्यात काळेनिळे पडतात. मेकॅनिक म्हणतो कंडेन्सर बदला. एवढीशी डबी पॉइंट कसे जाळेल?

आकडे आणि कारणं दोन्ही हवीत.

वाइंडिंगवाला

आधी नावाचा घोळ मिटवू. पुस्तकात धारित्र, शाळा-कॉलेजात कॅपॅसिटर, बाजारात कंडेन्सर. गाडीच्या रेडिएटरपुढे एसीची जी जाळी असते तिलाही कंडेन्सरच म्हणतात, तिचा याच्याशी काही संबंध नाही. पार्ट मागवताना 'पॉइंटचा कंडेन्सर' असं पूर्ण नाव सांगा.

आत काय असतं? धातूचे दोन पडदे आणि त्यांच्यामध्ये वीज न जाऊ देणारा पातळ पापुद्रा, बस. एका पडद्यावर भार साचला की समोरच्या पडद्यावर उलट भार ओढला जातो. पापुद्र्यातून आरपार काहीच जात नाही, पण भरताना आणि रिकामं होताना बाहेरच्या तारेतून प्रवाह वाहतो. डीसीला जोडलात तर क्षणभर प्रवाह, भरला की बंद. एसीत दाबाची दिशा सतत पालटते, त्यामुळे तो भरत-रिकामा होत राहतो आणि तारेत प्रवाह चालूच राहतो. कळीचा मुद्दा असा की भार आधी येतो आणि मग पडद्यांवरचा व्होल्टेज चढतो. म्हणजे प्रवाह व्होल्टेजच्या पुढे धावतो, पाव फेरी पुढे. आपल्या ५० हर्ट्झला एक फेरी २० मिलिसेकंदांची, पाव फेरी ५ मिलिसेकंदांची.

पंखा याच फरकावर फिरतो. सिंगल फेजच्या एका वाइंडिंगचं चुंबकत्व जागच्या जागी वरखाली होतं, गोल फिरत नाही, त्यामुळे रोटरला दिशाच मिळत नाही. म्हणून दुसरं वाइंडिंग घालतात आणि त्याच्याशी कॅपॅसिटर सिरीजमध्ये जोडतात. दुसऱ्या वाइंडिंगचा प्रवाह पुढे सरकला की दोन्ही मिळून फिरतं चुंबकत्व तयार होतं. कॅपॅसिटर पूर्ण गेला की पंखा नुसता गुणगुणतो आणि काठीने ढकलला की ढकलाल त्या बाजूला फिरायला लागतो. ही खूण हमखास.

तुमचा पूर्ण गेलेला नाही, आटलाय. या डब्यांत पॉलिप्रॉपिलीनची फिल्म असते, तिच्यावर धातूचा अगदी पातळ थर चढवलेला. लाइनमध्ये झटका आला की फिल्मला एखादं बारीक भोक पडतं. भोकाभोवतीचा धातू त्याच क्षणी उडून जातो आणि तेवढा ठिपका सर्किटबाहेर पडतो. डबी शॉर्ट होत नाही, पण प्रत्येक ठिपक्यागणिक क्षेत्रफळ घटतं. वर्षानुवर्षं हे चालतं आणि डबी बाहेरून नवी दिसत असते. ±५ टक्क्यांच्या २.५ ला २.३७ ते २.६३ चालतं. १.६ म्हणजे तिसरा हिस्सा गेला.

३.१५ टाकू नका. ५० हर्ट्झला २.५ चा अडथळा साधारण १२७३ ओहम, ३.१५ चा १०१०. म्हणजे दुसऱ्या वाइंडिंगमध्ये जास्त प्रवाह. त्याची तार बारीक, ती २.५ धरून गुंडाळलेली. थोडा वेग मिळेल, पण मोटर तापेल, वार्निश करपेल, बेअरिंगचं ग्रीस सुकेल. ज्या पंख्यावर कंपनीने ३.१५ लिहिलंय त्याला ३.१५, तुमच्याला २.५.

व्होल्टेजचा आकडा मात्र कमी करू नका. घरात २३० असले तरी वाइंडिंगबरोबर सिरीजमध्ये असल्याने कॅपॅसिटरच्या दोन टोकांवर लाइनपेक्षा जास्त व्होल्टेज उभा राहतो, म्हणून ४४०. डबीवर आयएस २९९३ (या डब्यांचं भारतीय मानक) आहे का बघा. क्लास बी असेल तर १०,००० तास धरून बनवलेला, क्लास सी ३,००० तास. रोज १२ तास चालणाऱ्या पंख्याला सी म्हणजे वर्षाच्या आतले तास. तो नेमका तेवढ्यावर मरतो असं नाही, पण पाच-दहा रुपयांसाठी सी घेऊ नये.

बदलताना मेन स्विच बंद करा. नुसतं भिंतीवरचं बटण पुरत नाही, चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असतं अशी घरं पुष्कळ आहेत. एक तार काढा, नव्याची जोडा, मग दुसरी. डबीला धन-ऋण नाही, पण ती ज्या दोन टोकांमध्ये आहे ती टोकं बदललीत तर पंखा उलटा फिरून हवा छताकडे फेकेल.

रेग्युलेटर_दुरुस्ती

एक भर. पायऱ्यांच्या आजच्या रेग्युलेटरमध्येही कॅपॅसिटरच असतात, पंख्याच्या सिरीजमध्ये. जुन्या ठोकळ्यात तार तापवून व्होल्टेज पाडायचे, इथे कॅपॅसिटर जवळपास न तापता पाडतो. ५ वर हे सगळे बाजूला पडून थेट लाइन मिळते. त्यामुळे ५ वर हळू असेल तर दोष पंख्याचा : कॅपॅसिटर किंवा बेअरिंग. ५ वर ठीक आणि २-३ वर बिघाड, तर रेग्युलेटरचा. मेन बंद करून पाती हाताने फिरवा. दोन-चार फेऱ्यांतच करकरत थांबली तर नव्या डबीने काही होणार नाही, बेअरिंग बदला.

पंपसेट

बोअरच्या पेटीबद्दल लिहितो, आणि आधी हात सांभाळण्याचं, कारण पंख्याच्या डबीत आणि १२० च्या डबीत फार अंतर आहे. लाइनच्या शिखरावर, म्हणजे ३२५ व्होल्टला, २.५ एमएफडीत ०.१३ ज्यूल मावतात, १२० मध्ये ६ च्या वर. हा झटका हात आपटवतो आणि बोअरच्या कठड्याजवळ तोल गेला तर काय होईल ते सांगायला नको.

पेटीचा मेन बंद करा. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर घ्या, दोन्ही टोकांना इन्सुलेटेड तार लावा आणि कॅपॅसिटरच्या टर्मिनलांवर दहा सेकंद धरा. १० किलोओहम गुणिले १२० एमएफडी म्हणजे १.२ सेकंद, त्याच्या पाच पटींत एक टक्कासुद्धा उरत नाही. मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवून शून्य बघा आणि मगच हात लावा. पुष्कळजण स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून फट् करतात. त्याने आतला फॉइलचा जोड उडतो, चांगली डबी तिथेच मरते.

आता कोणता गेला ते. काळा गोल १००-१२० चा स्टार्ट. तो आतून इलेक्ट्रोलिटिक असतो आणि बटण दाबून धरलेल्या दोन-तीन सेकंदांपुरताच सर्किटमध्ये येतो. ३६ चा रन, फिल्मचा, मोटर चालू असेपर्यंत सतत. त्यावरून लक्षणं ठरतात :

बटण दाबून धरलं तरी नुसती गुणगुण, अँमीटरचा काटा पार उजवीकडे. संशय स्टार्टवर.

बटण धरेपर्यंत चांगली उचलते, सोडलं की अँपिअर चढतात, पाणी कमी येतं आणि मिनिटा-दोन मिनिटांत ओव्हरलोड पडतो. संशय रनवर.

तुमचं पहिलं लक्षण दिसतंय. स्टार्टची डबी बघा : माथा फुगलेला, बुडाशी तेलकट चिकटा, किंवा वरच्या रबरी टिकलीतून पांढरट काहीतरी बाहेर आलेलं. दिसायला ठीक असेल तर मीटरवर मोजा. १००-१२० लिहिलेल्याला त्या दोन आकड्यांमध्ये कुठेही आलं तर चालतं. ८० आला तर बदला. रन डबी चालत्या मोटरवरही मोजता येते : तिच्या एका तारेवर क्लँप मीटर, दोन टोकांवर व्होल्ट. अँपिअर गुणिले ३१८३ भागिले व्होल्ट, उत्तर एमएफडीत. ३६ ची डबी, टोकांवर ३५० व्होल्ट असतील तर ३.९६ अँपिअर दिसायला हवेत. ३ दिसले तर ती २७ ची उरलीय.

पण डबी बदलायच्या आधी बटण दाबलेलं असताना व्होल्टमीटरचा काटा बघा. मोटर उचलताना चालू प्रवाहाच्या चार-पाच पट ओढते आणि लांब, बारीक केबलवर व्होल्टेज कोसळतो. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २३० चे १७० झाले की ताकद ५५ टक्क्यांवर. मग नव्या डबीनेही उचलणार नाही आणि दुकानदार १५०-२०० ची डबी देईल, ती मोटरचं स्टार्टिंग वाइंडिंग तापवेल. इलाज जाड केबलचा किंवा लाइनचा.

दोन्हींऐवजी एक मोठी डबी कधीच नको. स्टार्टची डबी सतत चालली तर आतलं द्रव्य उकळतं आणि ती फुटते. स्टार्ट बटण आत चिकटून बसलं की नेमकं हेच होतं. त्यामुळे फुटलेली डबी बदलताना बटण सुटून परत येतं का हे तपासा, नाहीतर नवीही आठवड्यात जाईल.

दोन्ही डब्या ठीक निघाल्या तर मोटरकडे जाणाऱ्या तिन्ही तारा सोडवून ओहम मोजा. सर्वांत मोठा आकडा बाकीच्या दोघांच्या बेरजेइतका यायला हवा. येत नसेल तर केबलचा जोड किंवा वाइंडिंग. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) अर्थला किमान १ मेगाओहम हवा.

पॉइंट_गॅप

जीपबद्दल. मेकॅनिक बरोबर सांगतोय, कारण असं.

पॉइंट मिटलेले असताना इग्निशन कॉइलच्या प्रायमरीतून (बॅटरीकडच्या वाइंडिंगमधून) ३-४ अँपिअर वाहतात. कॅम फिरला, पॉइंट उघडले, प्रवाह तुटला. पण कॉइलला प्रवाह एकदम तुटू द्यायचा नसतो, ती स्वतः व्होल्टेज उभा करते, प्रायमरीवरच दोनशे-तीनशे व्होल्ट. पॉइंट अजून केसभरच उघडलेत, त्यामुळे प्रवाह त्या फटीतून ठिणगी मारत वाहत राहतो. धातू जळतो. आणि प्रवाह झटकन तुटला नाही म्हणून सेकंडरीला (प्लगकडच्या वाइंडिंगला) जो जोर हवा तो येत नाही, प्लगची ठिणगी पिवळी, मऊ पडते.

पॉइंटांना समांतर जोडलेला कंडेन्सर, साधारण ०.२ एमएफडीचा, तो प्रवाह आपल्यात घेतो. तो भरेपर्यंत पॉइंट पुरेसे लांब गेलेले असतात, फटीत ठिणगी पडत नाही, प्रायमरी झपकन शून्यावर येते आणि सेकंडरीत १५-२० हजार व्होल्ट. म्हणजे इथे तो साठवणुकीसाठी नाहीच, प्रवाहाला क्षणभर पर्यायी वाट देण्यासाठी आहे. पॉइंट जपणं आणि ठिणगी कडक करणं ही दोन्ही कामं त्याचीच.

तपासायला डिस्ट्रिब्यूटरचं झाकण आणि रोटर काढा, पॉइंट मिटतील असं इंजिन फिरवा, इग्निशन चालू करा आणि कोरड्या लाकडी काडीने पॉइंट उघडा-मिटा. बारीक निळसर ठिणगी चालते. टपोरी, पांढरी-पिवळी ठिणगी चटचट वाजत दिसली तर कंडेन्सर गेला किंवा त्याचा अर्थ सैल. अर्थ आधी बघा. डबीचं धातूचं अंगच तिची दुसरी तार आहे, एका स्क्रूने बेसप्लेटला दाबलेली. गंज किंवा तेल आलं की कंडेन्सर असून नसल्यासारखा. पत्रा घासून स्क्रू आवळा.

पॉइंटवरच्या खुणा वाचता येतात. सगळा पृष्ठभाग निळाकाळा : कंडेन्सर गेलेला किंवा कॉइलला जास्त प्रवाह. एकावर खड्डा, दुसऱ्यावर टेकाड : कंडेन्सर जिवंत पण आकडा जुळत नाही, दुसऱ्याच गाडीचा बसवलाय. करडा, एकसारखा पोत : ठीक. कॉइलचा मुद्दा विसरू नका. बॅलास्ट रेझिस्टर (प्रवाह आटोक्यात ठेवायला सिरीजमध्ये लावायचा रेझिस्टर) लागणारी कॉइल रेझिस्टरशिवाय जोडलेली असेल तर प्रवाह दुप्पटीजवळ जातो आणि कितीही कंडेन्सर बदला, पॉइंट जळणारच. प्रायमरी मोजा : ३ ओहमच्या आसपास असेल तर थेट १२ व्होल्टची, दीड ओहमच्या आसपास असेल तर तिला बॅलास्ट हवा.

गरम झाल्यावर बंद पडते, तासाभराने परत चालू होते, असं असेल तरीही पहिला संशय याच डबीवर. थंड असताना ती मीटरवर ०.२ दाखवेल आणि तापल्यावर आतून सुटेल. मीटरने ठीक दाखवलं म्हणून ठेवू नका, एक नवी लावून बघा. गॅप ०.४ मिमीच्या आसपास, पण नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला.

सीडीआयवाल्या (पॉइंटऐवजी कॅपॅसिटरच्या झटक्यावर ठिणगी देणारी पेटी असलेल्या) दुचाकीत मात्र काम उलटं. तिथे १-२ एमएफडीचा कॅपॅसिटर दोनशे-तीनशे व्होल्टला भरतात आणि थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) तो एका झटक्यात कॉइलमध्ये ओततो. १ एमएफडी ३०० व्होल्टला म्हणजे ४५ मिलिज्यूल, एका ठिणगीला भरपूर. तिथे सीडीआय अख्खी बदलायची, उघडायला गेलात तर आत रेझिन ओतलेलं असतं.

जुनी_जीप

सगळ्यांचे आभार. स्टार्टची डबी ६४ दाखवतेय, बदलतो. जीपच्या कॉइलची प्रायमरी ३.१ आहे, म्हणजे बॅलास्टचा प्रश्न नाही, डबीच बदलायची.

आणखी दोन शंका. गाडीच्या ऑडिओवाल्यांकडे १ फॅरडचे कॅपॅसिटर मिळतात. १ फॅरड म्हणजे दहा लाख एमएफडी. बॅटरी उतरलेली असताना याने स्टार्टर फिरेल का? आणि शेजारच्या शेतात ५ एचपी थ्री फेज मोटरला महावितरणवाले कॅपॅसिटर लावायला सांगतात, तो याच जातीचा का?

फॅरड

स्टार्टर फिरणार नाही, हिशोबच बघा. १ फॅरड, १४ व्होल्ट : अर्धा गुणिले १ गुणिले १९६, म्हणजे ९८ ज्यूल. ३५ अँपिअर-अवरच्या साध्या बॅटरीत १५ लाख ज्यूल. स्टार्टर १५० अँपिअर ओढतो असं धरा, तर १ फॅरडचा व्होल्टेज सेकंदाला १५० व्होल्ट या वेगाने पडतो. १२ चे ६ व्हायला सेकंदाचा पंचविसावा भाग पुरतो. सोलेनॉइड 'टक्' करेल, संपलं.

सुपरकॅपॅसिटरची गोष्ट वेगळी. ५०० फॅरडचे, २.७ व्होल्टचे सहा नग सिरीजमध्ये लावले की ८३ फॅरड, १६.२ व्होल्टपर्यंत. १५० अँपिअरला सेकंदाला १.८ व्होल्ट पडतो. चांगल्या स्थितीतलं पेट्रोल इंजिन दीड-दोन सेकंदांत पकडतं, तेवढं निघतं. पण प्रत्येक नगाला बॅलन्सिंग बोर्ड हवाच, नाहीतर एखादा २.७ च्या वर जाऊन आधी मरतो आणि मग सगळी माळ जाते. शिवाय आपोआप उतरतात, आठवडाभर उभ्या गाडीत त्यांच्या भरवशावर राहू नये. माझदाने २०१२ साली आय-ईलूप पद्धतीत असाच कॅपॅसिटर वापरला : गाडी मंदावताना अल्टरनेटर तो २५ व्होल्टपर्यंत भरतो आणि नंतर ती वीज दिवे, एसीचा पंखा, ऑडिओ यांना पुरवतो. सेकंदांत भरणं आणि सेकंदांत देणं ही त्याची ताकद. तासन्‌तास धरून ठेवणं हे काम बॅटरीचं.

ऑडिओचा १ फॅरड अँप्लिफायरच्या अगदी जवळ, हातभर तारेच्या आत लावतात. बास आला की बॅटरीपासूनच्या लांब तारेतून प्रवाह यायला जो उशीर आणि जी घसरण होते, तेवढी तो भरून काढतो. रिकामा कॅपॅसिटर थेट १२ व्होल्टला टेकवू नका, तो त्या क्षणी शॉर्टसारखाच असतो : फ्यूज उडतो, लग वितळते. धन तारेत १२ व्होल्ट २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब सिरीजमध्ये धरा. बल्ब लख्ख पेटतो, पिवळा होतो, तांबूस होतो, विझतो. पूर्ण विझल्यावर दोन्ही टोकांचा व्होल्टेज मोजा, बॅटरीइतका आला की बल्ब काढून तार जोडा. काढतानाही तोच बल्ब आडवा लावून रिकामा करा. धन-ऋण उलटं झालं तर फुटतो, दोनदा बघा. आणि बासबरोबर हेडलाइट मंद होत असतील तर आधी बॅटरी-बॉडी अर्थची केबल आणि अल्टरनेटर तपासा. अल्टरनेटर कमी पडत असेल तर कॅपॅसिटर काहीच निर्माण करत नाही.

गाडीत हात घालताना आणखी एक. एअरबॅगच्या युनिटमध्ये राखीव कॅपॅसिटर असतो, अपघातात बॅटरीची तार तुटली तरी बॅग उघडावी म्हणून. बॅटरीचं ऋण टर्मिनल काढल्यावरही तो भरलेला राहतो. स्टीअरिंगला हात लावण्याआधी मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं पूर्ण थांबा. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या इन्व्हर्टरमध्ये तर शेकडो एमएफडी ३००-४०० व्होल्टला असतात. ५०० एमएफडी ३५० व्होल्टला म्हणजे ३० ज्यूल, माणूस मरू शकतो. नारिंगी केबल दिसली की प्रशिक्षण नसलेल्याने हात लावायचा नाही.

पंपसेट

थ्री फेजचं थोडक्यात. तिथे मोटर फिरवायला कॅपॅसिटर लागत नाही, तीन फेजच चुंबकत्व फिरवतात. हा लाइनला समांतर, पॉवर फॅक्टरसाठी, म्हणजे लाइनमधल्या प्रवाहातला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा वाढावा म्हणून. मोटरला चुंबकत्वासाठी जो मागेपुढे फिरणारा प्रवाह लागतो तो डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) आणण्याऐवजी मोटरशेजारीच मिळतो. ५ एचपीला साधारण २ केव्हीएआर (या कॅपॅसिटरचं माप), ३ ला १, साडेसातला ३. ५ एचपी मोटर ०.८ पॉवर फॅक्टरला ७.८ अँपिअर ओढत असेल तर २ केव्हीएआर लावल्यावर लाइनवरचा प्रवाह साडेसहाच्या आसपास येतो. डीपी आणि लाइन तेवढी थंड राहते, शेवटच्या शेतात व्होल्टेज थोडा सुधारतो. मोटर जास्त पाणी काढत नाही, मोटरचा स्वतःचा प्रवाहही तोच राहतो, फरक मागच्या तारेत पडतो.

जोडायचा तो मोटर चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरच्या मोटरकडच्या बाजूला, म्हणजे मोटर बंद झाली की तोही सुटतो. ओव्हरलोड रिलेनंतर जोडत असाल तर रिलेतून कमी प्रवाह जाणार, ओव्हरलोडचं सेटिंग त्या प्रमाणात खाली आणा, हे हमखास विसरलं जातं. आणि तिन्ही टर्मिनलांवर डिस्चार्ज रेझिस्टर शाबूत आहेत का ते दरवर्षी पावसाळ्याआधी बघा. पेटीत पाल शिरून ते तुटलेले असतात आणि बंद पेटीतला कॅपॅसिटर भरलेलाच राहतो.

जुनी_जीप

स्टार्टची डबी १००-१२० लाच बदलायची, पण दुकानात २३० आणि २७५ व्होल्ट अशा दोन्ही आहेत. आकार वेगळा आहे. कोणती?

पंपसेट

२७५. व्होल्टेज वर गेला तर चालतो, खाली नाही. पेटीत मावत नसेल तर क्लँप बदला, डबी उभीच ठेवा आणि तिच्या माथ्यावर बोटभर जागा मोकळी सोडा, फुगली तर टिकलीतून वाफ निघायला वाट हवी.